नावात घातलेलं पाणी

(दहावीच्या १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एका वर्गमित्राच्या कारखान्याच्या सभागृहात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' असं छापलंय. संयोजकांना विचारून मी विषय बदलून घेतलाय. संधी आता आपल्या मुलांना हव्यात, आपण सगळे पंचेचाळिशीला टेकलोय. आणि समोर बघितलं तर निम्मे जण शिरोलीला, गोकुळ शिरगावला नाहीतर इथं कागलला स्वतःचं काहीतरी चालवणारे. कुणाचं मशिन शॉप, कुणाचं ओतकाम, कुणाची चपलांची पेढी. तुमच्या कामाचं काही बोलावं असं वाटलं.

निमित्त आपल्यातल्याच एकाचं आहे. नाव सांगायचं नाही या अटीवर त्याने परवानगी दिली आहे, तेव्हा मागं वळून बघू नका. तो कडबाकुट्टीची यंत्रं बनवतो. दोन वर्षांपूर्वी त्याला मुंबईच्या एका वकिलाची नोटीस आली. त्याने यंत्राला जे नाव दिलं होतं ते एका बड्या, घराघरात माहीत असलेल्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं होतं. ती कंपनी शेतीच्या अवजारांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. रात्री दहाला याचा मला फोन. "अगं, ते करतात एक, मी करतो दुसरं. कुट्टी घेणारा शेतकरी काय खुळा आहे? त्याला कळतंय की ही त्यांची नव्हे. गिऱ्हाईक फसतंच नाही, तर माझा गुन्हा काय?"

मी काही वकील नाही. पण आमच्या कारखान्यात सुट्या भागांच्या खोक्यांवर क्यूआर कोड छापून अस्सल-नक्कल ओळखायची जी यंत्रणा आहे, ती माझ्या टीमने लिहिलेली. त्या कामात कायदा विभागाबरोबर बसून बसून मला निकालपत्रं वाचायची सवय लागली. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला ती आवडतात. 'जर असं असेल तर तसं, अन्यथा हे' अशीच त्यांची रचना असते.

मित्राचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण साधा ट्रेडमार्क त्याच तत्त्वावर चालतो. कॉम्प्युटरवर एकाच नावाच्या दोन फायली एका फोल्डरमध्ये ठेवता येत नाहीत, पण दोन वेगळ्या फोल्डरमध्ये खुशाल ठेवता येतात. ट्रेडमार्कच्या नोंदणीत असे ४५ फोल्डर आहेत, त्यांना वर्ग म्हणतात. यंत्रं ७ मध्ये, वाहनं १२ मध्ये, कपडे आणि पादत्राणं २५ मध्ये. एका नावाचा पंप आणि त्याच नावाची अगरबत्ती एकमेकांना त्रास न देता वर्षानुवर्षं नांदू शकतात. तिथे प्रश्न एकच असतो: गिऱ्हाईक फसेल का?

पण प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काही शब्द राखीव असतात. कुठल्याही फोल्डरमध्ये असा, तो शब्द तुम्हाला स्वतःच्या कामाला वापरता येत नाही. सुप्रसिद्ध ट्रेडमार्क साधारण तसा असतो. तिथे गिऱ्हाईक फसलं नाही तरी तक्रार उभी राहू शकते. त्या तक्रारीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ सरळ 'पातळ होणं' असा आहे.

आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला हे दुधावरून पटकन कळेल. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध पिणारी आपण. दुधाच्या नावाखाली कुणी चुन्याचं पाणी विकलं तर ती फसवणूक. पण एकाने किटलीत पळीभर पाणी घातलं, मग दुसऱ्याने पळीभर, मग तिसऱ्याने, तर कुठल्याच एका पळीला 'हिनेच दूध बिघडवलं' असं म्हणता येत नाही. आणि तरी शेवटी किटलीत जे उरतं ते दूध नसतं. मोठ्या नावाचं असं होतं असा हा कायदा मानतो. आज त्या नावाची कुट्टी, उद्या बनियन, परवा फिनेल. कुणीच फसलेलं नाही, पण नाव ऐकल्याबरोबर जी एकच वस्तू डोळ्यांसमोर यायची ती आता येत नाही. दुसरा प्रकार डाग लागण्याचा. चांगल्या नावाखाली कुणी हलकं, ओंगळ काही विकलं की मूळ नावाकडे बघायची नजर बदलते.

ही कल्पना आली कुठून, तेही इथल्या लोकांना आवडेल असं आहे. जर्मनीत ओडोल नावाचं चूळ भरायचं औषध प्रसिद्ध होतं. १९२४ च्या सुमाराला रेल्वेला लागणारा पोलादी माल बनवणाऱ्या एकाने तेच नाव घेतलं. रुळाचं सामान घेणारा कुणी चूळ भरायची बाटली समजून घेणार नाही, हे कोर्टालाही कळत होतं. तरी कोर्टाने ते नाव वापरू दिलं नाही. पुढे १९२७ मध्ये फ्रँक शेक्टर नावाच्या अमेरिकन वकिलाने हार्वर्डच्या कायदापत्रिकेत लेख लिहून सांगितलं की खरी इजा गिऱ्हाईक फसण्याची नसते, नाव थोडंथोडं झिजत जाण्याची असते. आज जगभर याची चर्चा निघाली की त्या लेखापासून सुरू होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. या सभागृहातून बाहेर पडून गाडीने थोडं गेलात की किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना लागतो. आपल्यातल्या काही जणांच्या घरी त्यांच्या कामाची पोळी भाजली जाते. या नावावरचा खटला या विषयातल्या भारतातल्या वाचनीय खटल्यांपैकी आहे. निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आणि एआयआर या निकालसंग्रहात १९९६ साली छापलेला. आपण बीजगणिताच्या पेपरला घाबरत होतो त्या सुमाराची गोष्ट.

आधी नाव कसं मोठं झालं ते बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात आज आहे ती किर्लोस्करवाडी उभी राहिली. मग पंप, मग इंजिनं. १९२० पासून शंकरराव किर्लोस्करांचं मासिक, आणि पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'. म्हणजे घरातल्या बाप्यांना किर्लोस्कर नांगरावर आणि पंपावर दिसायचं, बायांना माजघरात वाचायला मिळायचं. माझ्या आजीला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण किर्लोस्कर म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खटल्यात एका बाजूला किर्लोस्कर समूहाच्या कंपन्या होत्या, त्यात नावाची मालकी सांभाळणारी किर्लोस्कर प्रोप्रायटरी ही कंपनी. दुसऱ्या बाजूला किर्लोस्कर डिझेल रेकॉन वगैरे, आपल्या कंपनीच्या नावात किर्लोस्कर घेतलेल्या. उच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली. त्यामागचा विचार मी माझ्या शब्दांत सांगते. एखादं नाव जवळपास घरातला शब्द होऊन बसलं असेल आणि त्या नावाखाली नाना प्रकारचे धंदे चालत असतील, तर दुसऱ्याचा धंदा वेगळा असला तरी लोक तो त्याच घराचा विस्तार समजण्याची शक्यता असते. फोल्डर वेगळा आहे हा बचाव मग पुरत नाही. ज्या घराने नांगर, पंप, इंजिन आणि मासिक एकाच नावाने काढलं, ते उद्या आणखी काय काढेल याचा लोकांना नेम नसतो, हे त्यात मला फार पटलं.

तुम्ही म्हणाल, किर्लोस्कर तर आडनाव आहे. आडनावावर मालकी कशी? हा प्रश्न खरा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांची नाटक मंडळी १८८० ची, म्हणजे सायकलच्या दुकानाच्याही आधीची. दोघेही बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तिथे कुणी कुणाचं नाव पातळ केलं नाही. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३५ सांगतं की स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला अडवता येत नाही. सगळा भार 'प्रामाणिकपणे' या शब्दावर आहे. पाटलाने पाटील नाव लावणं वेगळं आणि बाजारात गाजतंय म्हणून एखादं आडनाव कंपनीला चिकटवणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयासमोर २००२ मध्ये असाच प्रश्न महिंद्राच्या बाबतीत आला. समोर होती महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स. जीप-ट्रॅक्टर कुठे आणि कागद कुठे! तरी नाव वापरायला मनाई झाली, कारण पाच दशकं वापरून ते नाव लोकांच्या मनात एका ठिकाणी बसलेलं होतं.

हे खटले जुन्या, १९५८ च्या कायद्याखालचे. सध्याचा कायदा १९९९ चा, लागू झाला १५ सप्टेंबर २००३ ला. त्यातलं कलम २९ पोटकलम ४ हेच मित्राच्या नोटिशीत होतं. त्याला मी फोनवर ते तीन प्रश्नांत फोडून सांगितलं. त्यांचं नाव नोंदवलेलं आहे आणि भारतात त्याची ख्याती आहे का? तू ते किंवा तसं नाव काही रास्त कारण नसताना घेतलंस का? आणि त्यामुळे तुला फुकटचा फायदा होतोय किंवा त्यांच्या नावाचं वेगळेपण वा लौकिक कमी होतोय का? गिऱ्हाईक फसतंय का, हा प्रश्न या यादीत नाहीच.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे बघ, ते नाव लोकांच्या कानावर होतं म्हणूनच घेतलं की. नाहीतर कशाला घेतलं असतं?" मी म्हटलं, कलमातला 'फुकटचा फायदा' म्हणजे तू आत्ता बोललास तेच.

त्याने नाव बदललं. वाचताना सोपं वाटतं. कडबाकुट्टीच्या बिडाच्या चाकावर नाव उठावाने ओतलेलं असतं. म्हणजे पॅटर्नवरची अक्षरं काढून नवी बसवायची, तयार चाकं पुन्हा वितळवायची, स्टिकर, बिलबुकं, बाजारच्या दिवशी लागणारे फलक, सगळं नव्याने. वर गडहिंग्लज, निपाणी, चिकोडीच्या विक्रेत्यांना एकेकाला समजावायचं की माल तोच आहे बाबा. त्या हंगामात त्याची विक्री पडली आणि दोन कामगारांना काही महिने दुसरीकडे जायला सांगावं लागलं. नोटीस पाठवणाऱ्याच्या फायलीत मात्र हे एक प्रकरण मिटलं, एवढीच नोंद झाली असेल.

म्हणून मला या कायद्याची दुसरी बाजूही सांगायची आहे. दुधातलं पाणी मोजायला लॅक्टोमीटर असतो. नाव किती पातळ झालं हे मोजायला काहीही नाही. ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे तो प्रत्येक छोट्या कारखान्याला नोटीस पाठवू शकतो, आणि छोटा माणूस कोर्टाच्या खर्चाला भिऊन नाव सोडतो. त्याचं म्हणणं बरोबर असलं तरी. न्यायालयांनाही हे दिसतं. आयटीसीने फिलिप मॉरिसवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता. आपल्या हॉटेलांच्या नमस्कारासारख्या डब्ल्यू चिन्हाशी मार्लबोरो सिगारेटवरचं ज्वाळेचं चिन्ह जुळतं, असं त्यांचं म्हणणं. २०१० मध्ये न्यायालयाने तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला. फसवणुकीच्या दाव्यात थोडं साम्य चालून जातं, पण वेगळ्या मालावर हक्क सांगायचा तर साम्य फार जवळचं हवं, आणि ख्याती व नुकसान नुसतं बोलून नाही, दाखवून द्यावं लागतं. मोठ्या कंपनीची नोटीस म्हणजे निकाल नव्हे. नोटीस आली की आधी वाचा, मग घाबरा.

आणि काही पाणी असं असतं की त्याला कुठलंच कोर्ट अडवू शकत नाही. शाळेसमोरच्या दुकानावर 'झेरॉक्स काढून मिळेल' असं लिहिलेलं आठवतं ना? त्यातलं मशीन कुठल्या कंपनीचं होतं कुणाला ठाऊक. आमचं नाव फोटोकॉपीला वापरू नका अशा जाहिराती झेरॉक्स कंपनीने वर्षानुवर्षं दिल्या. गावात नांगरट असो की विहीर, यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, 'जेसीबी लावलाय' असंच आपण म्हणतो. लोकांच्या जिभेवर नोटीस बजावता येत नाही.

आता आपलं स्वतःचं नाव. कोल्हापुरी.

दिल्लीत, बंगळूरला, कुठेही हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' मागवा. लाल रंगाची कसलीशी ग्रेव्ही येते आणि वेटर सांगतो, स्पायसी आहे. आपल्या घरी असली भाजी कुणी केलेली मी तरी खाल्लेली नाही. शंभर वर्षांत या शब्दात जेवढं पाणी पडलं असेल तेवढं पंचगंगेच्या पुरातही नसेल. पण हा शब्द कुणा एका कंपनीचा नाही, म्हणून त्याची राखण करणाराही कुणी एक नाही. भौगोलिक निर्देशनाचा कायदा, ज्याला आपण जीआय म्हणतो, तो अशा सामाईक नावांसाठी आहे. गंमत म्हणजे तोही १९९९ चाच आणि लागूही त्याच दिवशी झाला, १५ सप्टेंबर २००३ ला. कोल्हापुरी गुळाला त्याखाली नोंदणी मिळाली, कोल्हापुरी चपलेला मिळाली. चपलेची नोंदणी महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या दोन सरकारी महामंडळांच्या नावे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात येतात.

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाने मांडलेली सँडल सगळ्यांनी मोबाइलवर बघितली. आपल्या ग्रुपवर तीन दिवस दुसरं काही नव्हतं. त्या गदारोळात एक गोष्ट फार कमी लोकांनी पाहिली. प्राडाने त्या वस्तूला कोल्हापुरी म्हटलंच नव्हतं. नुसती चामड्याची सँडल म्हटलं होतं. जीआय नावाची राखण करतो. ज्याने वस्तू उचलली आणि नाव टाकून दिलं, त्याला नावाच्या कायद्याने धरायचं कुठे? काही वकिलांनी जनहित याचिका केली, ती जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. नोंदणी ज्यांच्या नावे आहे ते दाद मागू शकतात, तुम्ही नव्हे, असं सांगून. शेवटी लोकांच्या आरडाओरड्यानेच काम केलं. प्राडाने प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार केला.

शिवाय दोन कायद्यांत मोठा फरक आहे. किर्लोस्कर किंवा महिंद्रा या नावाला 'गिऱ्हाईक फसलं नाही तरी' संरक्षण मिळतं. जीआयमध्ये साधारण नियम फसवणुकीचाच आहे. 'कोल्हापुरी पद्धतीची, अमुक ठिकाणी बनवलेली' असं खरं ठिकाण लिहून विकणाऱ्यालाही अडवता येईल असा जादा आधार त्या कायद्यात आहे, पण तो केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या मालालाच. म्हणजे एका घराण्याने शंभर वर्षांत कमावलेल्या नावाला जे आपोआप मिळतं, ते हजारो घरांनी पिढ्यानपिढ्या कमावलेल्या नावाला सरकारकडे मागावं लागतं. मला हे उलटं वाटतं. कायदा जाणणारे इथे कुणी असतील तर जेवताना माझ्याशी भांडा.

कामाच्या दोन गोष्टी आणि मी बसते. इथल्या कारखान्यांत मी रोज बघते, उत्तम माल निघतो आणि दुसऱ्याचं नाव लावून बाहेर जातो. स्वतःचं नाव लावत असाल तर ते नोंदवा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, नोंदणी १० वर्षांची, पुढे वाढवता येते. नाव ठरवायच्या आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या, तो फुकट आहे. तुमच्या नावासारखं नाव दुसऱ्या कुणी मागितलं आणि ते ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं, तर हरकत घ्यायला ४ महिने मिळतात. जर्नल दर आठवड्याला निघतं. सुप्रसिद्ध नावांच्या यादीत नाव घालून घ्यायची फी मात्र १ लाख रुपये आहे. सध्या आपल्यातल्या कुणाला तिची गरज पडेलसं दिसत नाही. तरी कायदा एक गोष्ट चांगली सांगतो. नाव सगळ्या देशाला माहीत असायला हवं असं नाही, त्या मालाशी संबंध असलेल्या लोकांना, म्हणजे गिऱ्हाईक, विक्रेते, त्या धंद्यातली माणसं, यांना माहीत असलं तरी विचार होतो.

आणि ज्यांच्या घरी सुभाषनगरला चपला होतात त्यांच्यासाठी. जीआय महामंडळाच्या नावे असला तरी कारागिराला स्वतःला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घेता येते. ही फी पूर्वी ५०० रुपये होती, २०२० मध्ये ती १० रुपये केली. अर्ज इंग्रजीत आहे आणि किचकट आहे. लॅपटॉप मी बरोबर आणलाय. जेवणानंतर त्या खिडकीपाशी बसते. ज्यांना भरायचा असेल त्यांनी आधार कार्ड घेऊन यावं, आणि येताना माझ्यासाठी एक पान आणावं.